धडाडीच्या दंतकथेला सिमेंटचा पाया

महाराष्ट्राच्या राजकारणात काही दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या सुखेनैव नांदत असतात. मंत्रालयातील दिरंगाईचा विषय निघाला, एखादा प्रकल्प दहा वर्षे रखडल्याची बातमी आली की कोणीतरी जाणता सद्गृहस्थ उसासा टाकतो आणि म्हणतो, ''मुख्यमंत्री असावा तर बॅरिस्टर अंतुलेंसारखा. फाईल समोर आली की सही!'' ऐकणारे माना डोलावतात. त्यांच्यातील तरुणांना अंतुले ठाऊक नसतात आणि वयस्करांना सिमेंट आठवत नसते. २ डिसेंबर २०१४ रोजी अब्दुल रहमान अंतुले यांचे निधन झाले, तेव्हाही सर्वत्र धडाडी, झपाटा, निर्णयक्षमता या शब्दांचीच उधळण झाली. सिमेंट प्रकरणाचा उल्लेख झाला तो एखाद्या ओळीत, तोही 'दुर्दैवाने' या अव्ययाच्या आडोशाला.

मृत्यूनंतर वैर संपते, ही आपली संस्कृती आहे आणि ती योग्यच आहे. परंतु वैर संपणे वेगळे आणि हिशेब पुसून टाकणे वेगळे. अंतुले यांची कारकीर्द हा केवळ एका माणसाच्या चढउताराचा विषय असता, तर त्यावर आज लेखणी झिजवण्याचे कारण नव्हते. पण त्या कारकिर्दीतून एक खटला उभा राहिला. मुख्यमंत्र्याला न्यायालयात खेचण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर देशाला त्या खटल्याने मिळवून दिले. ते उत्तर मिळवणारा माणूस आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे आणि ज्याच्याविरुद्ध ते मिळवले, तो मात्र आदर्श प्रशासकांच्या मालिकेत जाऊन बसला आहे. ही उलटापालट निमूटपणे मान्य करावयाची काय?

अंतुले यांचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. ९ फेब्रुवारी १९२९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील आंबेत या खाडीकाठच्या गावी जन्मलेला हा मुलगा विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाला, १९६२ मध्ये विधानसभेत पोहोचला, पुढे राज्यात मंत्री झाला आणि १९७६ मध्ये राज्यसभेवर गेला. १९७७ च्या पराभवानंतर महाराष्ट्रातील काँग्रेसचे भलेभले सरदार इंदिरा गांधींना सोडून गेले, तेव्हा अंतुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९८० मध्ये दिल्लीची सत्ता परत आली आणि त्या निष्ठेचे फळ मिळाले. ९ जून १९८० रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. सहकारसम्राटांच्या, साखरेच्या आणि जातीच्या गणितांवर चालणाऱ्या काँग्रेसमध्ये स्वतःचा कारखाना नसलेला, मराठा नसलेला, कोकणातला माणूस त्या खुर्चीवर बसला. त्याच्यामागे महाराष्ट्रातील आमदारांचे बळ फारसे नव्हते, दिल्लीची मर्जी होती. पुढच्या साऱ्या कथेची किल्ली येथे आहे. ज्याचे आसन एका व्यक्तीच्या प्रसन्नतेवर टिकते, त्याला त्या व्यक्तीच्या नावाची देवळे बांधावीच लागतात.

त्यांनी घेतलेल्या निर्णयांची यादीही छोटी नाही. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच काळात मिळाले आणि शिवछत्रपतींच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाल्याचा आनंद आपल्यापैकी प्रत्येकाला झाला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे अस्तित्वात आले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) बसू लागले आणि मराठवाड्यातल्या पक्षकाराची मुंबईपर्यंतची वणवण थांबली. निराधारांना मासिक अनुदान देणारी योजनाही त्यांचीच. तिला संजय गांधींचे नाव द्यावे लागले, हा त्या काळच्या काँग्रेसी शिष्टाचाराचा भाग. इंग्लंडमधून भवानी तलवार परत आणण्याची घोषणा तर इतकी गाजली की काही काळ महाराष्ट्र दुसरे काही बोलतच नव्हता. तलवार आली नाही. घोषणा मात्र आजही जिवंत आहे.

हे सारे जमेच्या बाजूला लिहावे. पण जमेची बाजू लिहून वही मिटवता येत नाही.

ऑक्टोबर १९८० मध्ये, म्हणजे मुख्यमंत्री होऊन चार महिने होतात न होतात तोच, 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' नावाचा एक विश्वस्त निधी स्थापन झाला. हेतू काय? तर साहित्यिक, कलावंत, गुणवंत यांना साहाय्य करावे. अशा हेतूला विरोध कोण करणार? महाराष्ट्रातील कलावंतांची उतारवयातील हलाखी कोणाला ठाऊक नाही? कोकणाच्या विकासासाठी म्हणून 'कोकण उन्नती मित्रमंडळ' हा दुसरा निधीही होताच. विश्वस्तांत स्वतः मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या विश्वासातली मंडळी होती. एका विद्यमान पंतप्रधानांचे नाव, एका विद्यमान मुख्यमंत्र्याचे विश्वस्तपद आणि समोर देणगीसाठी बोलावलेले लोक, तेही कोण? ज्यांची कामे त्याच मुख्यमंत्र्याच्या टेबलावर पडून आहेत असे. देणगी म्हणजे स्वेच्छेने दिलेले दान, असा शब्दकोशातला अर्थ आहे. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर त्या शब्दाचा अर्थ बदलला.

आजच्या तरुण वाचकाला एक गोष्ट समजावून सांगणे आवश्यक आहे. आज कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन सिमेंटच्या हव्या तितक्या गोणी विकत घेता येतात. १९८० साली तसे नव्हते. सिमेंटचे उत्पादन गरजेपेक्षा कमी होते, त्याचा दर सरकारने ठरवलेला होता आणि वाटप सरकारी परवान्याने होत असे. मध्यमवर्गीय माणसाला घराची एक खोली वाढवावयाची असली, तरी अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. काळ्या बाजारात तीच गोणी कितीतरी चढ्या दराने मिळे. नियंत्रित दर आणि काळ्या बाजारातला दर यांच्यातील जी तफावत, तोच खरा माल. ज्याच्या सहीने नियंत्रित दराचे सिमेंट मिळते, तो एका सहीने समोरच्याच्या खिशात रोख रक्कम टाकत असतो, फक्त ती रक्कम गोणीच्या रूपात असते. मुंबईतल्या इमारती बांधणाऱ्या व्यावसायिकांना अशा तदर्थ वाटपाचे महत्त्व नेमके ठाऊक होते.

आता दोन याद्या शेजारी ठेवा. एका यादीत सिमेंटचे वाटप ज्यांना झाले त्यांची नावे, दुसऱ्या यादीत प्रतिष्ठानला धनादेश ज्यांनी दिले त्यांची. नावे जुळतात आणि तारखा जवळजवळ येतात. सहकारी साखर कारखान्यांकडूनही उसाच्या गाळपाच्या टनामागे ठराविक रक्कम निधीकडे वळवण्याची योजना होती. म्हणजे ऊस पिकवणारा शेतकरीही, त्याला न विचारता, प्रतिभेचा आश्रयदाता ठरला!

३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि संसदेत वादळ उठले. पंतप्रधानांनी स्वतःचे नाव वापरण्यास संमती दिली होती काय, या एका प्रश्नाने सरकारची तारांबळ उडाली. लक्षात घ्या, आणीबाणी उठून तेव्हा केवळ चार वर्षे झाली होती. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांची वीज तोडल्याची आठवण ताजी होती. त्या वातावरणात पंतप्रधानांच्या नावाने चाललेल्या व्यवहाराची कागदपत्रे छापावयास छाती लागते. आज 'निर्भीड पत्रकारिता' या शब्दाची किंमत फारच उतरली आहे म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

न्यायालयात दोन वाटांनी लढाई सुरू झाली. जनता पक्षाचे पी. बी. सामंत यांनी सिमेंटवाटपाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. हेच न्यायमूर्ती लेंटिन पुढे १९८६ च्या जे. जे. रुग्णालयातील दूषित ग्लिसरॉल प्रकरणाच्या चौकशीमुळे घराघरांत पोहोचले. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. सिमेंटचे वाटप आणि प्रतिष्ठानच्या देणग्या यांचा परस्परसंबंध आहे. सत्तेवर असलेल्या मुख्यमंत्र्याविषयी त्याच राज्यातील उच्च न्यायालयाने असे म्हणावे, हे अभूतपूर्व होते. त्या जानेवारीतच अंतुले यांना पद सोडावे लागले आणि बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. दीड वर्षाची धडाडी येथे संपली.

दुसरी वाट फौजदारी होती आणि ती रामदास नायक यांची.

रामदास नायक म्हणजे वांद्र्याचे भारतीय जनता पक्षाचे कार्यकर्ते. पक्ष तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा होता. ६ एप्रिल १९८० ला स्थापना आणि त्याच डिसेंबरात मुंबईत पहिले अधिवेशन. सत्ता दूरच, ती कधी येईल असे म्हणण्याचेही धाडस कोणी करत नव्हते. अशा पक्षाचा एक कार्यकर्ता उठतो आणि देशातील सर्वशक्तिमान नेत्याच्या मर्जीतल्या मुख्यमंत्र्यावर फौजदारी खटला भरतो. अडचण पहिल्याच पायरीवर आली. लोकसेवकावर खटला भरावयाचा तर मंजुरी हवी. मुख्यमंत्र्याच्या बाबतीत ती देणार राज्यपाल. आणि राज्यपाल वागणार कोणाच्या सल्ल्याने? मंत्रिमंडळाच्या! मंत्रिमंडळाचा प्रमुख कोण? आरोपी! चोराने स्वतःच्या अटकेचा हुकूम स्वतःच्या हस्ताक्षरात द्यावा, अशी ही व्यवस्था होती.

नायक यांनी सप्टेंबर १९८१ च्या पहिल्याच दिवशी राज्यपालांकडे मंजुरी मागितली आणि थोड्याच दिवसांत दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल केली. मंजुरीवाचून मुख्य आरोप पुढे जाईनात. पुढे उच्च न्यायालयात सरकारच्याच वतीने मान्य करण्यात आले की, अशा प्रकरणात राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नव्हे तर स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावा. नंतर सरकारला ही कबुली जड झाली. आपण असे म्हटलेच नव्हते, असा पवित्रा घेऊन ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ते मानले नाही. न्यायाधीशांनी निकालपत्रात नोंदवलेली कबुली मागाहून फिरवता येत नाही, हे तत्त्व वकिलीच्या विद्यार्थ्यांना आजही याच खटल्याच्या नावाने शिकवले जाते. जुलै १९८२ च्या अखेरीस काही बाबींपुरती मंजुरी मिळाली. नवी तक्रार ऑगस्टमध्ये विशेष न्यायाधीशांपुढे गेली.

मग नवे प्रश्न निघाले. पोलिसांनी तपास न करता एका खासगी माणसाने अशी तक्रार करावी काय? अंतुले मुख्यमंत्री नसले तरी आमदार आहेत आणि आमदार म्हणून ते लोकसेवक आहेत, तेव्हा त्यासाठी वेगळी मंजुरी नको काय? विशेष न्यायाधीशांनी जुलै १९८३ मध्ये हा दुसरा मुद्दा मान्य करून अंतुले यांना मुक्त केले. नायक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने राम जेठमलानी उभे राहिले. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जे दोन निर्णय दिले, ते भारतीय लोकशाहीच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्याच्या योग्यतेचे आहेत.

पहिला असा की, भ्रष्टाचाराची तक्रार करण्याचा अधिकार कोणत्याही नागरिकाला आहे. गुन्हा हा समाजाविरुद्ध असतो, म्हणून समाजातील कोणीही न्यायालयाचे दार ठोठावू शकतो. दुसरा असा की, ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद आरोपीने सोडले असेल, तर मंजुरीचे कवच त्याला उरत नाही. दुसऱ्या एखाद्या पदावर तो बसला असेल, तरी त्याने काही बिघडत नाही. आणि ओघात न्यायालयाने हेही सांगितले की, भारतीय दंडविधानाच्या अर्थाने आमदार हा लोकसेवक नव्हेच! प्रत्येक निवडणुकीच्या पत्रकावर 'आपला नम्र लोकसेवक' असे छापणाऱ्या मंडळींनी हा निकाल वाचला होता की नाही, कोण जाणे. कायद्याच्या काटेकोर अर्थाने त्यांची नम्रता निराधार ठरली होती.

याच निर्णयात न्यायालयाने खटला लवकर संपावा म्हणून तो विशेष न्यायाधीशाकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला. हेतू उदात्त होता, पण खटल्याचे चाक नेमके येथेच रुतले. उच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली. कोणते दोषारोप ठेवायचे यावर पुन्हा सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. १९८६ मध्ये त्या न्यायालयाने सकृद्दर्शनी पुरावा आहे असे म्हणून आणखी दोषारोप ठेवण्याचा आदेश दिला. दोषारोपांची संख्या ७९ वर गेली. पन्नासहून अधिक साक्षीदार तपासून झाले. आणि २९ एप्रिल १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, १९८४ मधला आपलाच आदेश चुकीचा होता. १९५२ च्या कायद्याप्रमाणे असा खटला विशेष न्यायाधीशासमोरच चालावयास हवा. उच्च न्यायालयात चालवल्याने आरोपीचा अपिलाचा एक हक्क गेला आणि न्यायालयाच्या चुकीचा फटका कोणालाही बसू नये. झाली ती सारी सुनावणी रद्द!

तत्त्व म्हणून या निर्णयाशी वाद घालणे कठीण आहे. आरोपी कितीही बलाढ्य असो, कायद्याने दिलेला हक्क त्याला मिळालाच पाहिजे. कायद्याच्या राज्याची मागणी करणाऱ्याने सोयीपुरता कायदा मागू नये. पण न्यायालयाच्या चुकीचा फटका आरोपीला बसू नये हे जितके खरे, तितकेच तो तक्रारदारालाही बसू नये हे खरे नव्हे काय? सात वर्षे पदरमोड करून, कामधंदा सांभाळून, तारखेमागून तारीख उभा राहिलेला तो कार्यकर्ता, त्याचे काय? त्याच्या सात वर्षांना कोणत्या लॅटिन वचनाचा आधार होता? पुढे खटला फार लांबला म्हणून तो रद्दच करावा, असाही अर्ज आरोपीकडून झाला. डिसेंबर १९९१ मध्ये घटनापीठाने जलद न्याय हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, पण खटला रद्द करण्यास नकार दिला. जलद न्यायाविषयीचा देशातील प्रमुख निवाडा 'अंतुले विरुद्ध नायक' या नावाने ओळखला जातो आणि तो मागणारा आरोपी होता, हा दैवदुर्विलास म्हणावा की आणखी काही?

या साऱ्याचा शेवट काय झाला? कोणत्याही फौजदारी न्यायालयाने अंतुले यांना दोषी ठरवले नाही. हे स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे आणि आम्ही ते सांगतो. मात्र त्यांच्या चाहत्यांनी त्यापुढचा अर्थही प्रामाणिकपणे लावावा. न्यायमूर्ती लेंटिन यांचा निष्कर्ष ज्या कागदांवर उभा होता, ते कागद कोणी खोटे पाडले नाहीत. फौजदारी खटल्याची मात्र वाटेतच दमछाक झाली.

आणि नायक? २५ ऑगस्ट १९९४ रोजी वांद्र्यात त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. ते तेव्हा मुंबई भाजपचे अध्यक्ष होते. त्यांचा पोलीस अंगरक्षकही त्यात मारला गेला. ही हत्या दाऊदच्या टोळीने केली, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. सिमेंट प्रकरणाशी तिचा काहीही संबंध नव्हता आणि तसा तो कोणी जोडूही नये. परंतु ज्या माणसाने देशातील प्रत्येक नागरिकासाठी न्यायालयाचे दार उघडून ठेवले, त्या माणसाचे नाव आज मुंबईतल्या किती तरुण कार्यकर्त्यांना सांगता येईल?

अंतुले मुस्लिम होते म्हणून त्यांच्यावर हे किटाळ आले, असा एक युक्तिवाद त्यांचे समर्थक अधूनमधून करीत. त्याला उत्तर द्यावे इतकेही त्यात बळ नाही, तरी देतो. याचिका करणारे सामंत जनता पक्षाचे होते, तक्रार करणारे नायक भाजपचे. निधीला धनादेश देणाऱ्यांत आणि सिमेंट घेणाऱ्यांत धर्माची वाटणी नव्हती. तेथे फक्त गोणी आणि रक्कम मोजली जात होती. आणि अंतुले यांना दूर केले ते त्यांच्याच पक्षाने, त्यांच्याच नेत्याने. ज्या बाईंच्या नावाने प्रतिष्ठान काढले, त्यांनी ते गळ्याशी येताच हात झटकले. निष्ठेचा असा मोबदला मिळालेला दुसरा काँग्रेसनेता शोधावा लागणार नाही. ती परंपराच आहे.

कारकीर्द मात्र संपली नाही. १९८९, १९९१ आणि १९९६ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले. नरसिंह रावांच्या मंत्रिमंडळात ते आरोग्यमंत्री झाले. २००४ मध्ये पुन्हा निवडून आले आणि २००६ पासून अल्पसंख्याक कार्यमंत्री होते. डिसेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्याची रक्षा निवली नव्हती, तेव्हा याच मंत्रिमहोदयांनी हेमंत करकरे यांच्या हौतात्म्याविषयी शंका उपस्थित केल्या. त्यांच्याच सरकारचे गृहमंत्री चिदंबरम यांना लोकसभेत उभे राहून त्या निराधार असल्याचे सांगावे लागले. आधी बोलावे, पुरावा मागाहून पाहावा, हीही धडाडीच! २००९ मध्ये अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला.

पण आमचा मूळ वाद अंतुले या व्यक्तीशी नाही. वाद आहे तो 'काम करतो ना, मग बाकीचे सोडा' या मध्यमवर्गीय समजुतीशी. ज्या लेखणीने सिंधुदुर्ग झपाट्याने निर्माण केला, त्याच लेखणीने सिमेंटचे तदर्थ वाटप झपाट्याने केले. फाईलचा लांबचा प्रवास आपल्याला जाचतो हे खरे. त्यातले निम्मे थांबे निरर्थक असतात हेही खरे. ते थांबे कमी करावेत, त्यासाठी नियम बदलावेत. पण नियम तसाच ठेवून त्याला एका सहीने वळसा घालणे म्हणजे कार्यक्षमता नव्हे. नियमाप्रमाणे मिळणारी वस्तू हक्क असते. सहीने मिळणारी वस्तू मेहेरबानी असते आणि मेहेरबानीची परतफेड करावी लागते. कधी प्रतिष्ठानला, कधी पक्षाला.

खरा उपाय काय होता, हे इतिहासाने लगेच दाखवले. लेंटिन निकालानंतर दीड महिन्यातच, २८ फेब्रुवारी १९८२ रोजी, सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले. १९८९ मध्ये उरलेले नियंत्रणही गेले. कारखाने वाढले, गोणी दुकानात आली आणि सिमेंटसाठी देणगी मागण्याची सोयच उरली नाही. एखाद्या मंत्र्याचे मन शुद्ध झाले म्हणून हे घडले नाही. त्याच्या हातातली तोटीच निघाली. आज सिमेंट मोकळे आहे, पण चटईक्षेत्र, भूखंडांचे आरक्षण, वाळूचे ठेके हे सारे आजही कोणाच्या तरी सहीवर आहे. १९८० चे सिमेंट आज कोणत्या रूपात विकले जाते, हे शहरात घर शोधणाऱ्या कोणत्याही कुटुंबाला विचारावे.

आता एक कटू गोष्ट. १९८४ मध्ये नायक यांनी मिळवलेले तत्त्व असे होते की, पद गेले की मंजुरीचे कवच गेले. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि गुन्ह्याच्या वेळी ज्या पदावर माणूस होता ते पद त्याने सोडले असले, तरीही आता मंजुरी लागते. विधेयक मूळचे २०१३ मधले, मनमोहन सिंग सरकारने मांडलेले. पण ते संमत झाले तेव्हा केंद्रात सरकार कोणाचे होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला निर्णय घेताना भीती वाटू नये, हा त्यामागचा युक्तिवाद आहे आणि तो पूर्णतः चुकीचा नाही. निवृत्त सचिवांना जुन्या फायलींपायी न्यायालयाच्या फेऱ्या माराव्या लागल्याची उदाहरणे आहेत. मग अधिकाऱ्यांपुरते कवच ठेवता आले नसते काय? माजी मुख्यमंत्री आणि माजी मंत्री यांना त्यात का घेतले?

मंजुरीच्या या तरतुदीचा अनुभव महाराष्ट्राने 'आदर्श' गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात घेतलेला आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. डिसेंबर २०१३ मध्ये एका राज्यपालांनी खटल्यास मंजुरी नाकारली, फेब्रुवारी २०१६ मध्ये दुसऱ्या राज्यपालांनी ती दिली, डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. पुरेसा नवा पुरावा समोर आला नाही, हे न्यायालयाचे कारण होते आणि न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण कोणत्या पक्षात दाखल झाले, हे वाचकांना ठाऊक आहे. त्या दिवशी शाखेशाखेत जी कुजबुज झाली ती नेत्यांच्या कानांवर गेली असेलच. रामदास नायक ज्या पक्षाचे मुंबईचे अध्यक्ष होते, त्या पक्षाच्या कार्यकर्त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. तो विचारल्याने कोणाची निष्ठा कमी होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांच्या ग्रंथांत 'आर. एस. नायक विरुद्ध ए. आर. अंतुले' हे शीर्षक आजही छापले जाते. कायद्याचे विद्यार्थी ते पाठ करतात, वकील ते उद्‌धृत करतात. त्यांतल्या बहुतेकांना 'आर. एस. नायक' हा कोणी सरकारी अधिकारी असावा असे वाटते. तो वांद्र्याचा एक कार्यकर्ता होता.